वरून मीठ

शनिवार

मासेवाला म्हणाला, "आजी, रोज थोडं लिहून ठेवत जा. कुणी खाल्लं, कुणी नाही खाल्लं, कोण कुणाच्या मागे लागलं." मासेवाला म्हणजे आपण तळून खातो तसले विकणारा नव्हे. याच्याकडचे मासे खायचे नसतात, उलट त्यांनाच खायला घालायचं असतं. उफराटा धंदा. जावयांनी ही डायरी भिंगरीला आणून दिली, तिनं पहिल्या पानावर दात विचकणारा शार्क काढला आणि डायरी माझ्या मांडीवर टाकली. "आजी, तूच लिही. तुला गप्पा मारायला आवडतात." मी चौथीपर्यंत गेलेली, माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेली. तरी लिहिते. कोण तपासायला बसलंय?

आधी घरात कोण कोण ते लिहू. भिंगरी माझी नात, दहा वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. तिची आई, माझी एकुलती एक लेक, भिंगरी पाळण्यात असतानाच गेली. तेव्हा मी एक पिशवी घेऊन इथे आले ती राहिलेच. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. मी चेष्टेनं म्हणायचे, दिवसभर लोकांना वरखाली करता आणि स्वतः मात्र मधल्या मजल्यावर अडकून बसलाय, करा की दुसरं लग्न. मीच मागे लागले होते. शेवटी केलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, लोकांना सुया टोचते. आधी मी तिला लॅबवाली म्हणायचे, आता नवी म्हणते. तिच्याबरोबर तिची सहा वर्षांची लेक आलीय. सारखी मूग गिळून बसलेली असते म्हणून मी तिचं नाव मुगी ठेवलं. जावयांना ते मुंगी ऐकू येतं.

किती दिवसांनी घर भरलं! मला तर आनंद मावेना. पोरींना आतली खोली दिली. माझी खाट बाहेरच्या खोलीत आली, अगदी माशांच्या टाकीला लागून. मीच म्हटलं, बरं झालं, मासे बघत पडेन.

माझी एकच इच्छा आहे, ती लिहून ठेवते. भिंगरीनं नवीला आई म्हणावं. पोरीनं जन्मात कुणाला आई म्हणून हाक मारलेली नाही. फोटोला मारते, पण फोटो कुठे ओ देतो? आज तिला जवळ घेऊन सांगितलं, "आई म्हण गं तिला." तर म्हणाली, "बघू." आणि नवीला काय म्हणते? 'त्या'. त्या आल्या, त्या गेल्या. शाळेतल्या बाई असल्यासारखं.

रविवार

पिल्लं आली! सगळे मिळून दुकानात गेलो होतो.

टाकीत आधीपासून एक आहे, मिरची. बोटाएवढी, निळीशार. नव्या खाऱ्या पाण्यात आधी एक चिवट मासा सोडतात, तो जगला की पाणी तयार झालं समजायचं. मिरची लग्नाच्या कितीतरी आधी आली. तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो आणि टाकीत ही एकटी. तिनंच हे पाणी राहण्याजोगं केलं.

मासेवाला म्हणाला, "ही सगळी भांडखोर जात. मोठी झालेली एकत्र टाकली तर एकमेकांचे लचके तोडतील. पण पिल्लं असताना, सारख्या अंगाची, एकाच दिवशी सोडली ना, की त्यांना वाटतं जग असंच असतं."

जावई नवीला हळूच म्हणाले, "पोरींचंही असंच होईल बघ."

मी मागून म्हटलं, "होणारच!" दोघं दचकले.

भिंगरीनं निवडला तो ठिगळ्या. अंगावर ठिगळं जोडल्यासारखे पट्टे, आणि तोंड रुसलेल्या माणसासारखं लांबोडकं. जावयांनी घेतला न्हावी, त्याच्या शेपटीपाशी खरंच वस्तरा असतो, बाहेर काढतो आणि मिटतो. मुगी बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग एका गोल गोल पिल्लाकडे बोट दाखवलं. ते घाबरलं की फुगतं. भोपळा नाव ठेवलं. ते नाव मुगीनंच ठेवलं, अख्ख्या दिवसात बोलली तो एवढा एकच शब्द.

"आणि तुला गं?" मी नवीला विचारलं.

"मला मासा नको, आई. मोजामापाचं काम माझ्याकडे द्या. मीठ किती, पाणी किती. तेवढंच मला येतं."

ती मला आई म्हणते, जावई म्हणतात म्हणून. मी तिची कोण लागते ते कुणालाच सांगता येणार नाही. नवऱ्याच्या आधीच्या बायकोची आई! याला शब्द काय? मासेवाल्यानं विचारलं, "या तुमच्या सासूबाई का?" तर बिचारी अडखळली, मग म्हणाली, "या भिंगरीच्या आजी." खरंच आहे की.

पिल्लं सोडायची पण एक रीत असते. पिशवी तशीच टाकीत तरंगू द्यायची, मग वाटीवाटीनं टाकीतलं पाणी पिशवीत घालायचं, म्हणजे अंगाला सवय होते. एकदम ओतायचं नाही. सोडल्याबरोबर मिरची सुरीसारखी आली आणि तिघांना कोपऱ्यात पिटाळलं! एवढीशी, पण काय तोरा! मी टाळ्या वाजवल्या.

बुधवार

नवीचा स्वयंपाक स्वच्छ, सुटसुटीत, पण अळणी. आता बोलून दुखवायचं कशाला? ती डबे भरायला वळली की मी भाजीत वरून चिमूटभर टाकते आणि ढवळून ठेवते. जावई जेवताना म्हणाले, "आज मस्त झालीय." नवीचा चेहरा खुलला. बघा, एका चिमटीत दोघं खूश. याला संसार म्हणतात.

तिला एक हौस आहे. दर रविवारी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघते. बघते आणि कपाळाला आठी घालते. तिला बहुतेक जवळचं नीट दिसत नाही, चष्मा करायला सांगायला पाहिजे.

शुक्रवार

आज जेवताना मजा आली. भिंगरी आणि मुगी आतल्या खोलीत खिदळत होत्या, पहिल्यांदाच! मी ऐकायला गेले तर गप्प झाल्या. असू दे, लाजल्या.

मग जेवायला बसल्यावर मीच रंग भरला. भिंगरीला म्हटलं, तुझ्या आईला असंच हसू यायचं, एकदा तर नाकातून दूध आलं होतं. मग तिनं शाळेच्या नाटकात झाड कसं केलं होतं, आणि झाडानं मध्येच शिंकून सगळ्यांना कसं हसवलं, ते सांगितलं. भिंगरी डोळे मोठे करून ऐकत होती. "अजून सांग, अजून सांग." जावई ताटात बघत होते. नवी पाणी आणायला उठली ती बराच वेळ आलीच नाही. पाणी तर टेबलावरच होतं.

नंतर भिंगरी फोटोशी जाऊन बसली. मुगीनं हाक मारली तर म्हणाली, "थांब गं, मी माझ्या आईशी बोलतेय."

मला बाई बरं वाटलं. पोर विसरली नाही.

सोमवार

भोपळ्याच्या शेपटीचा तुकडा गेला. मिरचीचंच काम. मुगीनं पाहिलं आणि टेबलाखाली जाऊन बसली, हाकेला ओ नाही की रडणं नाही. भिंगरीही तिच्या शेजारी जाऊन बसली. मग दोघींना बाहेर काढताना जावयांची पाठ धरली.

मासेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "जुन्याला वाटतं सगळी टाकी आपलीच. तो वाईट नसतो हो, त्याला फक्त सवय झालेली असते. त्याला चार दिवस बाजूला ठेवा. तोवर आतले दगड इकडचे तिकडे करा. परत सोडलात की तो पाहुणा होतो, मग गप्प राहतो."

मला आलाच राग. मी फोन घेऊन म्हटलं, "अहो, पाणी कुणी तयार केलं? ही नसती तर तुमची ती पिल्लं पहिल्याच दिवशी उताणी झाली असती! आणि हिलाच बाहेर?"

"आजी, तिला मारत नाहीये. चार दिवस फक्त."

तर आता मिरची बाथरूमच्या कोपऱ्यात बादलीत आहे, हवेची नळी लावलीय. मी स्टूल टाकून तिच्याशी बोलत बसते. बादलीचा रंग निळा, त्यामुळे ती दिसतच नाही, हाक मारावी लागते. इकडे जावई हात कोपरापर्यंत बुडवून दगड हलवत होते. पोरी सांगत होत्या, "तो इकडे! नाही, गुहा तिकडे!" नवीसुद्धा हसत होती. मी दारातून बघितलं. छान दिसत होते चौघं.

गुरुवार

चाराचे दहा दिवस झाले. मिरचीला आत घ्यायचं कुणी नाव काढत नाही. विचारलं तर जावई म्हणाले, "राहू दे ना आई थोडं, आत्ता कुठे सगळे शांत झालेत." तेही बरोबर आहे.

दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते. स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात बोलत होते, मध्ये नळ चालू. जावयांचा आवाज आला, "चार दिवस बाजूला राहिल्या ना, की आपोआप बसेल सगळं." नवी म्हणाली, "नको. आत्ता नको. त्यांना काय वाटेल?"

राहिल्या! त्यांना! मिरचीला अहोजाहो करायला लागले की काय? मी एकटीच हसले. पण नवीचं मन बघा, माशाला काय वाटेल याचाही विचार करते.

शनिवार

आज एक गोष्ट लक्षात आली. टाकीतलं पाणी रोज थोडं कमी होतं, दिव्याच्या उबेनं उडून जातं. नवीनं काचेवर खूण केलीय, तिथपर्यंत ती वरून पाणी घालते. आज मी नीट बघितलं. साधं पाणी! पिण्याचं! खाऱ्या पाण्यातल्या जिवांना! मोजामापाचं काम स्वतःहून मागून घेतलं आणि मीठच विसरली. भाजीत विसरते तशीच. हाताला वळणच नाही त्याला काय करणार?

बोलले असते तर जावयांसमोर तिचा पाणउतारा झाला असता. सगळे कामाला नि शाळेत गेल्यावर मी माशांच्या मिठाच्या बादलीतून एक मूठ घेतली आणि वरून टाकली. झाकली मूठ.

मंगळवार

नवीनं मीठ मोजायच्या नळीतला काटा बघितला आणि पुटपुटली, "मीठ कसं काय वाढलं?" थोडं पाणी काढून परत साधं ओतलं. परत साधं! ती गेल्यावर मी परत मूठभर टाकलं. माझा आणि तिचा हा लपंडाव चाललाय आणि तिला पत्ता नाही. सांगितलं असतं तर हसली असती.

भोपळा आज तळाशी बसून होता. शेपूट भरून येतंय, त्याची विश्रांती घेतोय.

रविवार

भोपळा गेला.

सकाळी मुगीनंच बघितलं. न फुगता, तसाच आडवा. तिनं काचेला हात लावला आणि लावूनच राहिली. नवी आली, तिनं काटा बघितला, मग वाकून तळाशी बघितलं. तळाच्या वाळूवर पांढरे खडे होते, न विरघळलेले. तिनं ते बघितले आणि माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग परत टाकीकडे.

भिंगरी एकदम ओरडली, "तुम्ही मोजायचं होतं ना? तुम्हीच चुकलात! तुमच्यामुळे मेला तो!"

मला वाटलं आता नवी म्हणेल, मी नव्हे, ही म्हातारी. नाही म्हणाली. "हो गं," म्हणाली. "माझं लक्ष कमी पडलं."

जावयांनी भोपळ्याला कागदात गुंडाळलं. भिंगरी आज उशी घेऊन माझ्या खाटेवर आलीय. म्हणते, आतमध्ये त्यांच्या मुलीबरोबर झोपणार नाही.

सोमवार

नवीनं कामावर जायच्या आधी मला ओट्यापाशी थांबवलं. दार लोटून घेतलं, म्हणजे पोरींना ऐकू जाऊ नये.

"आई, पाणी उडून जातं ना, तेव्हा मीठ उडत नाही. ते सगळं मागेच राहतं. म्हणून वरून साधंच पाणी घालायचं. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

एवढी साधी गोष्ट. वाळलेल्या सदऱ्यांवर घामाचे पांढरे डाग उठतात ते मी आयुष्यभर धुतले. जावयांच्या कामाच्या कपड्यांचे तर रोजच. तरी डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, "काल बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं?" मग म्हणाली, "भाजीतही घालता ना? तुमचं बीपी उतरत का नाही हेच मला कळत नव्हतं. मी मुद्दाम कमी घालते. घरात सगळ्यांनाच सवय केली, तुम्हाला एकटीला वेगळं नको म्हणून."

म्हणजे सगळं घर माझ्यापायी अळणी जेवत होतं. आणि मी काय करत होते ते या डायरीत वर लिहिलेलंच आहे, खोडणार नाही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी उलटून बोलले असते, दोघींचं वाजलं असतं, संध्याकाळी चहा घेतला असता. तिनं फक्त पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "गोळी घ्या."

बुधवार

सांगून टाकलं भिंगरीला. शाळेतून आली, बूटही काढू दिले नाहीत.

"मीठ मी घातलं. त्यांनी नव्हे. भोपळा माझ्यामुळे गेला."

"खोटं. तू त्यांना वाचवतेयस."

"नाही गं राणी. मला वाटलं त्या विसरल्या. मूठ भरून घातलं. एकदा नव्हे, पुष्कळदा."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्या तसं का नाही बोलल्या? मी एवढी ओरडले तरी?"

"ते तू त्यांनाच विचार."

खाटेवरची उशी उचलली आणि आतल्या खोलीत गेली. माझ्याशी बोलत नाहीये. मुगीशी बोलतेय, ऐकू येतंय. चांगलं आहे.

शनिवार

माझी तर मज्जा आहे! जावई म्हणाले, "आई, तुम्ही इतकी वर्षं कुठे गेलाच नाहीत. चार दिवस भावाकडे जाऊन या. बदल होईल." माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गावात असतो, घड्याळं दुरुस्त करायचा, आता नजर गेली म्हणून दुकान बंद केलं. त्याला आधीच फोन करून ठेवला होता जावयांनी. किती काळजी! बॅग पण स्वतः भरली. "गरम कपडे घ्या. शाल घ्या. गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवल्यात." मी म्हटलं, अहो चार दिवसांना एवढं कशाला? तर म्हणाले, "असू द्या, जवळ असलेलं बरं."

नवी म्हणाली, "आई, तुम्हाला जायचं नसेल तर सांगा." मी म्हटलं, वा! का नाही जायचं? मला भाऊ आहे. तिनं जावयांकडे बघितलं. काहीतरी चाललंय दोघांत. नव्या नवरा-बायकोत चालायचंच, मी मध्ये पडत नाही.

निघताना बाथरूममध्ये गेले. मिरचीला म्हटलं, मी येईपर्यंत तुला आत घेतील, गप्प राहा, कुणाला चावू नकोस. ती पाण्यावर आली, तोंड उघडलं मिटलं. भूक लागली असेल.

भिंगरी दारापर्यंत आली. मिठी मारली नाही, पण माझ्या बॅगेचा बंद ओढून नीट लावला.

गुरुवार

भावाकडे. माडीवरची खोली दिलीय, खाली दोघांचं चालणं-फिरणं ऐकू येतं. वहिनी चांगली आहे, पण हिचे गुडघे आणि माझे गुडघे, दोघी जिन्यात समोरासमोर आलो की वाहतूक ठप्प. भाऊ म्हणतो, "ताई, तुम्हा दोघींना सिग्नल लावतो." भिंतीवर बंद घड्याळं कितीतरी आहेत. प्रत्येकात वेगळे वाजलेत.

फोन नाही आला. कामात असतील.

मंगळवार

चार दिवस कधीच झाले. जावयांचा फोन आला होता, एका मोठ्या इमारतीच्या सगळ्या लिफ्टचं काम मिळालंय म्हणाले, न्यायला यायला सवड नाही. मोठं काम मिळालं, आनंदाची गोष्ट आहे. भिंगरी आहे का विचारलं, तर खेळायला गेलीय म्हणाले. मुगीबरोबर.

इथे माझ्या ताटात मी वरून मीठ घेत नाही. वहिनीला वाटतं मला तिची चव आवडते.

रविवार

भिंगरीचा फोन! स्वतःहून केला. मी जिना कसा उतरले मला माहीत नाही, वहिनी भिंतीला चिकटून उभी राहिली.

"आजी, कशी आहेस? तुमच्याकडे खूप थंडी आहे का?"

तुमच्याकडे म्हणाली. मी म्हटलं, माझं कुठलं गं, भावाचं घर. मग ठिगळ्याचं सांगायला लागली, केवढा झालाय, हातातून खातो, न्हाव्याशी त्याचं आता काही भांडण नाही, दोघं एकाच गुहेत झोपतात. "आमच्या टाकीत आता एक तारामासा आणलाय, चालतो तो काचेवर. मुगीचा आहे." मुगीला मुगीच म्हणते, मी ठेवलेलं नाव. मुगी मागून काहीतरी ओरडत होती. चांगली खणखणीत ओरडते की!

मी विचारलं, "मिरची गं?"

"मिरची ना..." थांबली. "मजेत आहे. आता झोपलीय."

"घेतली का आत?"

"हो हो. झोपलीय, आजी."

दुपारचे मासे झोपतात हे मला नवीन होतं. झोपू दे. दमली असेल.

मग म्हणाली, "आणि सांगायचंच राहिलं! आईनं माझे केस कापले. खांद्यापर्यंत. एकदम मस्त कापले."

माझ्या डोळ्यांसमोर माझी लेक आली. आरशापुढे उभी, कात्री हातात, ओठ दुमडलेले. ती स्वतःच्या बटा स्वतःच कापायची, वाकड्या. मी हसून म्हटलंसुद्धा, "अगं, तिचा हात वाकडाच चालतो, तिला म्हणावं..."

"वाकडे नाहीत गं. सरळ आहेत. आईनं आरसा दोन्हीकडून धरून दाखवला."

तेव्हा कळलं.

मी काहीतरी बोलले. छान झालं म्हटलं, डोकं हलकं झालं असेल. रोज सकाळी वेणी घालताना ती किंचाळायची आणि मी म्हणायचे थांब, एकच पेड राहिला. ते सगळं मी बोलले नाही, आत्ता लिहिताना आठवलं. ती म्हणाली, "आजी, ऐकू येतंय ना?" मी म्हटलं, येतंय, सगळं येतंय.

मग जावई फोनवर आले. "आई, काम संपत आलंय. कधी येऊ न्यायला?"

मी म्हटलं, "अहो, भावाला दिसत नाही नीट, वहिनीचे गुडघे. यांना सोडून कशी येऊ? राहीन इथेच थोडी. तुम्ही घाई करू नका."

मागे पोरींचं हसणं चाललं होतं. मग म्हणाले, "बरं आई. तुम्हाला जसं बरं वाटेल तसं." कधी आग्रह करून कुणाला अडचणीत टाकत नाहीत, पहिल्यापासून असेच आहेत. मग नवीनं फोन मागून घेतला असावा, कारण तिचा आवाज आला, "आई, तुम्ही..." आणि पुढे काहीच नाही. रडत होती की सर्दी झालीय कळलं नाही. मी म्हटलं, "गोळ्या घेते गं." आणि ठेवला.

वहिनी भाजी निवडत बसली होती. मी समोर बसले, अर्ध्या शेंगा माझ्याकडे ओढल्या.

"काय म्हणते नात?" तिनं विचारलं.

"आई म्हणते," मी म्हटलं.